नमुन्याचा दिवस

१२ फेब्रुवारी

ठके,

हे पत्र बाबांना दाखवायचं की लपवायचं, तुझं तू ठरव. मी तुला लिहितेय. त्यांच्याशी माझं जे काय बोलणं व्हायचं होतं ते तू चार वर्षांची असताना, ते तुला परदेशी घेऊन निघाले तेव्हा, विमानतळाच्या दारात झालं, आणि इतकं झकास झालं की सामान उचलणारे हमालसुद्धा ओझी खाली ठेवून ऐकत होते.

ताईची टेप सापडली.

म्हणजे तुझ्या आईची. तू तिला मनातल्या मनात कशी हाक मारतेस, मारतेस की नाही, मला माहीत नाही. माझी ती ताई. तेव्हा टीव्हीवर वाहिनी एकच होती, सरकारी. सकाळी उघडायची आणि संध्याकाळच्या बातम्या झाल्या की मिटायची. दोन कार्यक्रमांच्या मध्ये एक बाई पडद्यावर येऊन पुढे काय आहे ते सांगून जायची. ती बाई म्हणजे ताई. सगळा देश तिला ओळखायचा आणि कुणालाच तिचं नाव माहीत नव्हतं. भाजीवालीसुद्धा तिला विचारायची, "आज संध्याकाळी काय दाखवणार गं?"

त्या काळी टेप महाग, म्हणून कार्यक्रम झाला की पुसायचा आणि त्याच टेपवर दुसरा घ्यायचा. लोकांच्या पैशाने केलेलं, लोकांचं असलेलं, आणि हे लोक फळा पुसावा तसं पुसत होते! या विषयावर मी सुरू झाले तर पत्र संपायचं नाही. पण एक दिवस वाचला. नव्या कर्मचाऱ्यांना शिकवायला नमुना हवा म्हणून कुणा साहेबाने हुकूम काढला की एक अख्खा दिवस, सकाळपासून शेवटपर्यंत, टेपवर घेऊन ठेवा. डब्यांवर चिठ्ठी आहे: 'नमुन्याचा दिवस'. गोदामातला सगळा माल भंगारात चालला होता. मी ट्रकच्या पुढे खुर्ची टाकून बसले तेव्हा कुठे थांबला. मग डबे उघडले, आणि तारीख वाचली.

तोच दिवस, ठके. ज्या संध्याकाळी ती स्टुडिओतून निघाली आणि घरी पोचली नाही, तो.

तुला सांगितलं गेलंय की आई आपल्याला टाकून निघून गेली. मी तेव्हाही म्हटलं होतं, आज म्हणते, आणि जीभ चालेल तोवर म्हणेन: ताई गेली नाही. तिला काहीतरी झालं. कपाटातला एक कपडा हलला नव्हता. पलंगाखाली चपला जागच्या जागी होत्या. न्हाणीत तिचा दात घासायचा ब्रश ओला होता. पळून जाणारी बाई ब्रश तरी नेते!

आता या टेपेत तिचा शेवटचा दिवस आहे. चेहरा बघू, डोळे बघू. घाबरलेली होती का, आजारी होती का, कुणी मागे लागलं होतं का. टेप जुनी आहे, चिकट झालीय. ती मंद आचेवर शेकावी लागते आणि शेकल्यावर एकदाच चालते. यंत्र तिच्यावरचा मुलामा खरवडत जातं. एकदाच, ठके. तेव्हा तू इथे असायला हवीस. मार्चच्या सुरुवातीला लावणार आहेत. तिकीट मी काढते.

तुझी मावशी

२१ फेब्रुवारी

ठके,

उत्तर नाही. ठीक. मी सरकारशी पत्रव्यवहार केलेली बाई आहे, मला उत्तर न येण्याची सवय आहे.

एक वाईट बातमी आहे, ती आधीच सांगते. तो दिवस ज्या माणसाने टेपवर घेतला त्याला मी गाठलं. कात्री म्हणायचे त्याला सगळे, कारण टेप वाचवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आता पार म्हातारा झालाय, कानाने अधू. दार उघडून म्हणाला, "या बाई. बाकी कुणाचं मला ऐकू येत नाही, तुमचं येईल."

मी सरळ विचारलं, "तो दिवस तुम्ही पूर्ण घेतलात ना?"

"पूर्ण. व्यायामापासून बातम्यांपर्यंत."

"आणि मधली ताई?"

"निवेदन? ते कशाला घेऊ?"

"कशाला म्हणजे?"

"कार्यक्रम घ्यायचा हुकूम होता. निवेदन म्हणजे कार्यक्रम नाही. ती पडद्यावर आली की मी बटण दाबून थांबवायचो, गेली की पुन्हा सुरू. बाई, दिवसभराचं जमवलं तर चांगली लांबलचक टेप वाचते."

ठके, मी आयुष्यात मोठमोठ्या सभा गाजवल्या, मंत्र्यांना तोंडावर सुनावलं, आणि या माणसाच्या व्हरांड्यात मला एक शब्द सुचेना. शेवटी एवढंच म्हटलं, "माझी बहीण होती हो ती."

त्याला ते नीट ऐकू आलं. त्याने उजवा अंगठा डोळ्यांसमोर धरून बघितला. मग म्हणाला, "माझा अंगठा काही बंदुकीसारखा नव्हता, बाई. मागेपुढे व्हायचा. सांध्यांवर बघा, एक कार्यक्रम संपून दुसरा जोडला जातो तिथे. प्रत्येक सांध्यावर थोडी थोडी राहिली असेल."

तेव्हा असं आहे. दिवस सबंध आहे, फक्त ती नाही. ती आहे ती सांध्यांवर.

तरी ये.

मावशी

२ मार्च

ठके,

आज अर्धा दिवस पाहिला.

टेपा लावणारी मुलगी तुझ्याहून लहान असेल. पांढरे हातमोजे घालते, टेपेला हात लावताना श्वास रोखते, म्हणून मी तिला डॉक्टरीणबाई म्हणते. ती मला म्हणाली, "मावशी, टेप चालू असताना बोलायचं नाही." मी म्हटलं, "तू माझी कीर्ती ऐकलेली दिसत नाहीस." ती म्हणाली, "ऐकलीय, म्हणूनच सांगते."

आधी वाहिनीचं चिन्ह गोल गोल फिरत आलं आणि ती धून वाजली. मग बनियन घातलेला एक मिशाळ माणूस वाकून पायाचे अंगठे धरायला लागला. तो सरळ झाला, हसला, आणि एकदम पडद्यावर दोन हात. फक्त हात. कागदांचा गठ्ठा टेबलावर आपटून कडा जुळवणारे. ताईचे. पापणी लवायच्या आत गेले, आणि एक मास्तर कप्पी आणि दोरी घेऊन जड वजन हलकं कसं होतं ते शिकवायला लागले.

असा सबंध दिवस. मास्तरांच्या पाठीमागून तिचा आवाज, "…हू या." विणकामाच्या बाई सुया खाली ठेवतात, आणि ताईचं हसू, अर्धं मावळलेलं. तलावातल्या शर्यती संपतात, पोहणारे काठावर धापा टाकतात, आणि ताई चक्क जांभई देतेय! देशासमोर नव्हे बरं का. तिला वाटतंय की कॅमेरा गेला. जुन्या नावाड्याची मुलाखत होती. तो पाण्याकडे बघत सांगत होता की बुडणारा माणूस ओरडत नाही, लोकांना उगाच वाटतं. त्याच्यानंतरच्या सांध्यावर ताई समोर बघत होती, आणि डोळे अगदी कोरडे, काही म्हणता काही नाही. डॉक्टरीणबाईने मला न विचारता ती चौकट तशीच्या तशी वेगळी उतरवून ठेवली.

दुपारी मुलांसाठी बाहुल्यांचा खेळ होता. कोल्हा पडद्यामागे जातो आणि सांध्यावर ताई, मान कलती, बाजूला कुठेतरी बघत. टेबलाच्या कडेवर तिची करंगळी हलतेय. टाटा करताना लहान मूल हलवतं तशी. तू तेव्हा आमच्या घरी त्याच टीव्हीसमोर मांडी घालून बसलेली असायचीस. मी सांगते तुला, ही करंगळी तुझ्यासाठी होती. यावर कुणी माझ्याशी वाद घालून दाखवावा.

आणि एक गोष्ट अख्खी सापडली. जेवणवेळेनंतर हरवलेल्या माणसांचे फोटो दाखवायचे. तो मात्र कार्यक्रम धरत, म्हणून कात्रीने बटण दाबलं नाही. फोटो एकामागून एक पडद्यावर येतात आणि वरून ताई वाचते. रंग सावळा, उंची मध्यम, अंगात निळा सदरा. वय साठ, थोडं विसरल्यासारखं होतं. घरातून रागावून गेला आहे, आई वाट पाहते. तिचा सलग आवाज जगात उरलाय तो एवढाच, ठके. आठवड्याभराने त्याच जागी तिचा फोटो लागला, आणि दुसऱ्याच कुणाचा आवाज तिचा रंग आणि उंची सांगत होता.

डॉक्टरीणबाईने टेप काढली तेव्हा यंत्राखाली तपकिरी पूड साचली होती. ती फडक्याने टिपायला निघाली. मी तिचा हात धरला. मग सोडला. काय करणार होते मी त्या पुडीचं?

उद्या उरलेला दिवस. मला खात्री आहे, उद्या काहीतरी दिसेल.

मावशी

३ मार्च

ठके,

उरलेलंही झालं. विशेष काही नाही. एक नाटिका, पुस्तकांची ओळख, हवामान, बातम्या, समाप्त. सांध्यांवर ताई दिसली तेवढी दिसली.

प्रत निघाली की कळवते, घाई नाही. तूही आता धावपळ करून येऊ नकोस. थंडीत जप.

मावशी

१९ मार्च

ठके,

तुझं पत्र आलं. इतक्या वर्षांतलं पहिलं, आणि तेही माझ्याहून हुशार. 'मावशी, बाबा म्हणतात तू पाणी मागतानासुद्धा भाषण करतेस. तुझं एवढंसं पत्र पाहून मला भीती वाटली. शेवटी काय होतं?'

हे उत्तर मी चारदा लिहून फाडलं. आता लिहिते ते फाडणार नाही.

बातम्या संपल्या. वाहिनीचं चिन्ह आलं, धून वाजली, दिवस संपला. मी पर्स उचलली. डॉक्टरीणबाई म्हणाली, "थांबा, अजून शेपूट आहे." टेपेचा शेवटचा तुकडा इतका आखूड उरला होता की दुसऱ्या कशाच्या उपयोगाचा नव्हता. कात्रीला तो वाचवण्यात रस नव्हता. त्याने यंत्र तसंच फिरत ठेवलं असणार आणि जेवणाचा डबा आवरायला गेला असणार. कॅमेरा चालू, माइक चालू, आणि समोर ताई.

मेकअपवाली कापूस घेऊन आली. तुला ती आठवायची नाही. जाडजूड, तोंडाने फटकळ, ताईची जिवाची मैत्रीण.

ती म्हणाली, "मान वर कर. अगं किती घाम! उद्या सकाळची पाळी तुझीच ना? जरा लवकर ये, केसांचं पार घरटं झालंय."

ताई म्हणाली, "उद्या मी नाही."

"रजा?"

"रजा कसली. जातेय मी. आजच्या गाडीने."

"चल, काहीतरीच." मग तिचा हात थांबला. "खरंच? कुणाबरोबर गं?"

"कुणाबरोबर नाही. तेच कुणाला पटायचं नाही."

"नवऱ्याने काही…?"

"तो चांगला आहे गं. सगळे चांगले आहेत. मी दिवसभर लोकांना सांगते, यानंतर हे बघा, त्यानंतर ते बघा. घरी जाऊनही तेच. यानंतर जेवण, यानंतर पाहुणे. माझं काही सुरूच होत नाही."

"आणि पोर?"

मेकअपवाली तिचं कपाळ पुसते, गाल पुसते. मग ताई म्हणते, "बापाजवळ बरी राहील. उद्या सकाळी ती माझ्या अंगावर येऊन पडली ना, की मी राहीन. आणि राहिले तर तिच्यावरच राग काढीन जन्मभर."

"घरी बोललीस?"

"बोलायला गेलं की आमच्याकडे भाषण ऐकावं लागतं."

आणि दोघी हसल्या. मलाही हसू आलं, ठके. मेलं ते बाहेर पडलं आणि मग आवरेना. डॉक्टरीणबाई घाबरून पाण्याचा पेला घेऊन आली.

ही मेकअपवाली आमच्या घरी रोज यायची तेव्हा. ताईचा फोटो घेऊन माझ्याबरोबर इस्पितळं फिरली. शवागारात मी दारातच थांबले तेव्हा चादर तिने वर केली आणि म्हणाली, "ही नाही." ती कशी म्हणाली ते मला आता कळतंय. ती घाबरलेली नव्हतीच. तिला ठाऊक होतं की त्या चादरीखाली ताई असू शकत नाही. तोंड उघडलं नाही बाईने. तसंच घेऊन वर गेली. तिचा राग करावा म्हणून रोज सकाळी बसते, आणि जमत नाही.

मेलेल्याचं भूत परवडतं. ते आपलं असतं, आपल्या खोलीत फिरतं, आपण ठेवू तसं राहतं. मी त्याच्यासाठी भांडले, त्याच्या नावाने लोकांना रडवलं. आता मला सांग, जिवंत माणसाच्या भुताचं काय करायचं? ती कुठल्यातरी शहरात जिना चढत असेल. गुडघे दुखत असतील. मे महिन्यात वाहिनी हा नमुन्याचा दिवस पुन्हा दाखवणार आहे, सकाळपासून शेवटपर्यंत. ती चहा घेऊन समोर बसेल आणि स्वतःचे दोन हात बघेल. शेपूट तेवढं त्यात नसेल. तो कार्यक्रम नव्हे, आणि दोन मैत्रिणींचं बोलणं देशाचं नव्हे, एवढं मलाही कळतं.

आता जे सांगायची लाज वाटते ते.

टेप थांबल्यावर डॉक्टरीणबाई हातमोजे काढत म्हणाली, "मावशी, मूळ टेप आता पुन्हा चालायची नाही. जे काय आहे ते या नव्या प्रतीत. शेवटचा भाग मी घेतला नाही म्हटलं तर कुणाला कळणार नाही. शेपटं कुणी जपत नाही."

चांगली पोर आहे. माझ्याकडे बघून बोलली ती. आणि मी, ट्रकपुढे खुर्ची टाकून बसलेली, पुसणाऱ्यांना इतिहासाचे खुनी म्हणणारी, मी म्हटलं, "विचार करते."

आणि घरी येऊन तुला ते चार ओळींचं पत्र लिहिलं.

सोळा दिवस विचार केला, ठके. एकेका दिवशी पुसून टाक म्हणायला निघाले होते. मनात म्हणायचे, पोरीला काय मिळणार आहे त्यातून? खून झालेली आई टाकून गेलेल्या आईपेक्षा बरी. मग तुझं पत्र आलं. 'काय होतं?' असं तू विचारलंस. 'काय नव्हतं?' असं नाही विचारलंस.

काल सकाळी मी तिकडे गेले. म्हटलं, "पुसायचं नाही." ती म्हणाली, "मी पुसलंच नव्हतं. तुम्ही येईपर्यंत संगणकाला हात लावला नाही."

प्रत माझ्याकडे आहे. तुला हवी की नको, एवढंच कळव. नको म्हणालीस तर मी वाईट वाटून घेणार नाही. भाषण करणार नाही.

मावशी

७ एप्रिल

ठके,

प्रत या पाकिटात आहे. बाबांबरोबर बघ किंवा एकटीने बघ.

तू विचारलंस, 'तिने माझं नाव घेतलं का?'

मी हा प्रश्न हातात घेऊन दोन दिवस घरभर फिरले. हो म्हणून लिहिणं सोपं होतं. आवाज जागोजागी खरखरतो. तिथे तुझं नाव होतं असं मी शपथेवर सांगितलं असतं तर तूही जन्मभर तिथे कान लावून बसली असतीस, आणि कधीतरी ते तुला ऐकूही आलं असतं.

नाही घेतलं. मेकअपवाली 'पोर' म्हणाली, आणि ताई नुसतं 'ती' म्हणाली.

पण दोघी हसल्या तिथे टेप संपत नाही. मागच्या पत्रात मी तिथेच थांबले, कारण पुढे बोलणं नाही आणि मला बोलण्यापलीकडचं काही सांगता येत नाही. आता सांगते. मेकअपवाली कापूस टाकून निघून जाते. दाराचा आवाज येतो. स्टुडिओत कुणी नाही. ताई कॉलरवरचा माइक काढून टेबलावर ठेवते, पर्स मांडीवर घेते, आणि बसून राहते. वरचे दिवे कुणीतरी बाहेरून एकेक करून बंद करतं. आधी मागची भिंत जाते, मग टेबल. तिच्या एका गालावर थोडा उजेड राहतो. गाडीची वेळ होत आली असणार. ती समोर बघत नाही, घड्याळाकडे बघत नाही. कपाळ पुसून स्वच्छ झालंय, त्यामुळे एकदम लहान वाटते, लग्नाआधीची.

तिला तिथून उठायचं होतं, ठके. घराकडे नाहीतर स्टेशनाकडे. मला माहीत आहे ती कुठे गेली. तरी दर वेळी मी खुर्चीत पुढे सरकून बघते.

ती उठताना दिसत नाही. टेप आधी संपते.

तुझी मावशी